आई बरी आहे

३ ऑक्टोबर
पक्षीमोजणीच्या तळावर पोचले. खिंडीपासून वर सगळा चढच. पाय भरून आले — तेवढं जाणवलं. बाकी काही नाही. खोली दरवर्षीचीच. दोन खाटा, एक हीटर, खिडकीच्या फटीला चिकटपट्टी.

दातवाल्या बाई दारातच भेटल्या. दातांचा दवाखाना कधीच बंद केलाय, तरी इथे सगळे त्यांना तेच म्हणतात. पहिला प्रश्न — "आई कशी आहे गं तुझी?"

"बरी आहे," म्हणाले.

आईला जाऊन पंधरवडाही झाला नाही. तोंडातून निघून गेलं. सावरून घ्यायला हवं होतं. तोवर बाई चहाचं बघायला आत गेल्या होत्या.

४ ऑक्टोबर
धुकं. दिवसभरात मोजायला एकच पक्षी, शिक्रा.

६ ऑक्टोबर
धुकं फाटलं. ऊन तापलं तशी दरीतून गरम हवा उठली आणि पक्षी तिच्यावर गोल गोल चढत वर आले. वर पोचले की पंखही न हलवता दक्षिणेकडे सुटतात. मी उत्तरेची बाजू बघते, बाई डोक्यावरची. कप्तान आकडे लिहून घेतात. जन्मभर बस चालवली, पण इथे कप्तान!

"गरुड! ढगाच्या खाली, डावीकडे!" बाई ओरडल्या. होता. देखणा होता, हे कळलं. वाटलं काहीच नाही. हातातल्या मोजणीयंत्राचं बटण दाबलं.

जेवताना पुन्हा — "आणि आईचा गुडघा?"

"आता जिना चढते."

चढते! काय बोलतेय मी!

९ ऑक्टोबर
दादाचा फोन. "आईची खोली आवरायला घेतोय. तुला काय काय ठेवू?" तूच बघ म्हटलं. मग म्हणाला, "रडलीस का गं एकदा तरी?"

"इथे वारा फार आहे," म्हटलं.

११ ऑक्टोबर
आईने मांजर पाळलंय. म्हणजे, असं मी बाईंना सांगितलं. नाव काय ठेवलं, म्हणाल्या. "अजून तिचं ठरत नाहीये." बाई हसून हसून बेजार. "तुझी आई म्हणजे ना!" मीही हसले. खरं तर जन्मात मांजराला घरात पाऊल टाकू दिलं नाही तिने.

१४ ऑक्टोबर
नऊशेच्या वर! घारी, ससाणे, गरुड — आभाळ नुसतं वाहत होतं. कप्तान चक्क नाचले. मी बटण दाबत राहिले. अंगठा सुजलाय. बाईंनी मलम चोळून दिलं. म्हणाल्या, "आईला फोन करून सांग की. खूश होतील."

फोन घेऊन बाहेर गेले. नुसताच कानाला लावून उभी राहिले. मग बोललेही — "आई, आज नऊशे."

आत आले. "काय म्हणाल्या?"

"स्वेटर घाल म्हणाली."

१५ ऑक्टोबर
पाऊस. मोजणी बंद. बटाटे सोलता सोलता बाईंना सांगून टाकलं. "आई नाहीये. मी इथे यायच्या आधीच गेली."

बाईंची सुरी थांबली नाही. "माहीत आहे गं. तुझ्या भावाने कप्तानांना फोन केला होता, हिला सांभाळा म्हणून. तू आलीस त्याच संध्याकाळी कळलं मला."

"मग रोज विचारत का होता?"

"आईबद्दल सांगायला लागलीस की तुझ्या चेहऱ्यावर जरा जीव यायचा." मग हळूच — "आणि त्या मांजराचं पुढे काय होतं, तेही ऐकायचं होतं मला."

राग यायला हवा होता. आला नाही. बटाटे शिजत टाकले.

१६ ऑक्टोबर
लख्ख आभाळ. बाई दिवसभर शेजारीच होत्या. वाऱ्याबद्दल बोलल्या, गरुडांबद्दल, कप्तानांच्या घोरण्याबद्दल. आई कशी आहे, ते नाही विचारलं. आता विचारणारही नाहीत.

दुपारनंतर काच पुसली तरी दुर्बिणीतून काही दिसेना. कप्तानांना म्हटलं, माझी बाजू तुम्ही बघा.

आज गेली आई.