फक्त मेलेल्यांची नावं

१२ जून १६२८

ओटिलियाला धरलं. भट्टीवरूनच नेली, हाताला कणीक तशीच. मला कळलं ते कचेरीत, तिचं नाव लिहायला सांगितलं तेव्हा. ‘ओटिलिया, पाववाल्याची विधवा, वय पंचावन्न.’ लिहिलं. अक्षर रोजच्यासारखंच सुबक आलं. लाज वाटली.

मे महिन्यात हिम पडून साऱ्या द्राक्षवेली करपल्या, तेव्हापासून चेटूक केलं म्हणायला गावाला कुणीतरी हवंच होतं. आतापर्यंत नऊ बायका आणि एक गाडीवान जाळून झाले. दहाही जबान्या माझ्या अक्षरात आहेत.

घरी येऊन माझ्या लेकीला, लोनीला सांगितलं. ओटिलिया तिची धर्ममाय, बाप्तिस्म्याच्या वेळी हिनंच तिला हातात धरलं होतं. लोनीची आई बाळंतपणात गेली. मग माझ्या आईनं आणि या शेजारणीनं मिळून पोर वाढवली. आईही गेल्या हिवाळ्यात गेली. आता लोनी तेराची आहे. म्हणाली, “बाबा, तुम्ही असता ना तिथे? मग सांगा की त्यांना, मावशी तसली नाही म्हणून.”

तिथे लेखनिकाला हात असतो, तोंड नसतं. हे पोरीला कसं सांगावं!

१३ जून

खरं ते लिहितो, इथे कुणाची भीती? मला ओटिलियाची काळजी आहेच — पण त्याहून भीती आहे तिच्या तोंडाची.

हात पाठीमागे बांधून दोरीला टांगलं की न्यायाधीश एकच विचारतात, सैतानाच्या नाचाला आणखी कोण होतं? नावं दिल्याशिवाय खाली घेत नाहीत. आणि माणूस जवळच्यांचीच नावं घेतं, त्या वेळी दुसरी सुचतच नाहीत. त्या गाडीवानाचं नाव त्याच्या बारा वर्षांच्या भाचीनं घेतलं. तिला मठात पाठवलं, त्याला जाळलं. दोन्ही हुकूम मीच लिहिले.

ओटिलियाला जवळचं कोण आहे? लोनीच ना.

१४ जून

आरोप वाचून दाखवायला कोठडीत जावं लागतं, ते काम माझं. फाइट तुरुंगवाला कुलूप काढताना म्हणाला, “लेखनिकबुवा, जेवून आलात का? मग परत जा. आत गेलात तर जेवण बाहेर येईल.” स्वतःच हसला. मग माझं तोंड बघून जरा लांब जाऊन उभा राहिला. माणूस वाईट नाही.

आरोप वाचून संपवले आणि पुटपुटलो, “ओटिलिया, नावं मागतील.”

“मी कुणाचंच घेणार नाही.”

“सगळे असंच म्हणतात गं. ऐक माझं. मेलेल्यांची घे. जे पुरलेत त्यांची. त्यांना आता कोण धरणार?”

तिनं मान डोलावली. मग विचारलं, “माझ्या पावाच्या आंबवणाला पीठ घातलं का कुणी? बावीस वर्षांचं आहे. लोनीला सांग, रोज मूठभर घालायचं, नाहीतर मरेल ते.”

लोनीनं मडकं केव्हाच घरी आणून ठेवलंय.

१६ जून

टांगून ठेवायचा वेळ इथे स्तोत्रानं मोजतात. ‘हे देवा, माझ्यावर दया कर’ — ते अख्खं म्हणून होईतो माणूस वर. म्हणणारा मीच, कारण दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही आणि न्यायाधीशांना खोकला आहे. मी भरभर म्हणत होतो. न्यायाधीश म्हणाले, “सावकाश, लोरेन्ट्स. देवाचे शब्द आहेत, घोड्यांसारखे पळवू नकोस —” छे, असं नाही म्हणाले. “कोंबड्यांना दाणे टाकल्यासारखे टाकू नकोस,” म्हणाले. आता काहीच नीट आठवत नाही. पहिल्यापासून म्हणायला लावलं एवढं आठवतं. म्हणजे माझ्या घाईपायी ती बिचारी दुप्पट वेळ लटकली.

‘रडली का?’ हा रकाना भरायचा असतो. चेटकिणीला अश्रू येत नाहीत म्हणे. तिचे गाल भिजलेले मी पाहिले. न्यायाधीश म्हणाले, “थुंकी आहे ती. ‘नाही’ लिही.” मी ‘नाही’ लिहिलं.

तिसऱ्या खेपेला तिनं नावं दिली. साथीत गेलेली कुंभारीण, बुडून मेलेली कोळीण, पूर्वीच जाळलेल्या चौघी. सहा झाली. मला हायसं वाटलं. असल्या ठिकाणी हायसं वाटलं!

“आणखी,” न्यायाधीश म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं — बघ, तुझं ऐकतेय हं, असं. आणि म्हणाली, “कुनिगुंडा. लेखनिकाची आई.”

तिला वाटलं, मेलेलीच तर आहे. मलाही आधी तसंच वाटलं असतं. पण चेटूक रक्तातून उतरतं अशी या लोकांची खात्री आहे. आजीचं नाव लागलं की नातीचं लागलंच. हे तिला सांगायचं मी विसरलो! दहा जबान्या लिहिलेला माणूस, आणि हेच विसरलो.

न्यायाधीश खोकत होते. मी ते नाव लिहिलं नाही.

१७ जून

दोरीवरचा कबुलीजबाब कायद्यानं ग्राह्य नाही. दुसऱ्या दिवशी वेगळ्या खोलीत, हातपाय मोकळे असताना, आरोपीनं तो पुन्हा ‘स्वखुशीनं’ मान्य करावा लागतो. एका शब्दाचा फरक पडला तरी परत दोरी. हे तिला आधी बजावून सांगतात.

मी जबानी वाचली. सहा नावं वाचली. ओटिलियाचे दोन्ही हात मांडीवर पडले होते, जणू दुसऱ्याचे. ती घाबरून म्हणाली, “साहेब, एक राहिलं. मी सात सांगितली होती. माझा शब्द बदललेला नाही, साहेब. ह्यांनीच गाळलं.”

तिची काय चूक? तिला पुन्हा वर जायचं नव्हतं.

न्यायाधीशांनी कागद हातात घेऊन पाहिला. आवाजही चढवला नाही. “कुठलं राहिलं, लोरेन्ट्स?”

“शाई सांडली होती, साहेब.”

“कुठे? मला तर डाग दिसत नाही.” कागद माझ्याकडे सरकवला. “घाल समासात.”

आईचं नाव समासात लिहिलं, माझ्याच हातानं. तेव्हा कुठे ओटिलियाला कळलं आपण काय केलं ते. तिनं तोंडावर हात न्यायचा प्रयत्न केला. हात उचलेना.

१८ जून, रविवार

देवळात आमच्या बाकावर आम्ही दोघंच. मागचं बाकही रिकामं होतं. लोनीनं विचारलं, “आज लोक कमी कसे आले?”

२१ जून

पोरीला घेऊन पळावं म्हणून वेशीपर्यंत गेलो. पहारेकरी ओळखीचा. “बाहेर जायचं तर न्यायाधीशांची चिठ्ठी लागेल. एरवी तुमच्याच अक्षरात असते ती,” म्हणाला. मग खाली बघत, “पोरीला घरी न्या, बुवा. मी तुम्हाला पाहिलं नाही.”

२३ जून

ओटिलियाला जाळलं. आधी गळा आवळला, ती दया म्हणून. मी गेलो नाही. उरलेल्या लाकडांवर गावानं संध्याकाळी सेंट जॉनच्या सणाची होळी पेटवली, पोरांनी नेहमीसारख्या उड्या मारल्या. लोनी घरात बसून आंबवणाला पीठ घालत होती.

२५ जून

कालपासून कचेरीत नवा लेखनिक आलाय. मला कुणी काही बोललं नाही, नुसतं माझ्या खुर्चीत तो बसलेला होता.

लोनीला समोर बसवून सगळं सांगितलं. बापानं लेकीला असलं काही शिकवावं! पण दुसरं माझ्यापाशी आहे काय? तिच्याकडून घोकून घेतलं — विचारलं तर फक्त मेलेल्यांची नावं. आजीचं, मावशीचं. जिवंत माणसाचं एकही नाही. तिनं शहाण्यासारखी मान हलवली. “म्हणजे कुणाला त्रास नको, ना बाबा?”

२६ जून

नेली. आंबवणाचं मडकंही नेलं. आपोआप बुडबुडे येतात म्हणून. नऊ-दहा वर्षांची असल्यापासून ओटिलियाचा पाव खाल्लेली माणसं होती ती.

मी दारात उभा होतो. नुसता उभा होतो.

२८ जून

फाइट स्वतः घरी आला, मागच्या दारानं. बसला नाही. पोरीला अजून हात लावलेला नाही म्हणाला. तिनं आजीचं आणि ओटिलियाचं नाव घेतलं. न्यायाधीश म्हणाले, “मेलेल्यांवर ढकलतेय. पढवलेली दिसते.” पोर चौदाच्या आत आहे, म्हणून एक सवलत. सैतानाच्या हवाली तिला कुणी केलं त्या जिवंत माणसाचं नाव दिलं, तर मठात पाठवतील. नाही दिलं तर शुक्रवारी दोरी.

“कुणाचंही चालेल म्हणतात,” फाइट म्हणाला. “मी तिला म्हटलं, घे एखाद्या शेजाऱ्याचं. ऐकत नाही. बाबांना कबूल केलंय, म्हणते.”

तो गेल्यावर आठवत बसलो. गाडीवानाच्या भाचीला खरंच मठात पोचवलं होतं. पोच मीच फायलीला लावली होती.

२९ जून

फाइटनं दाराच्या झरोक्यातून दोन शब्द बोलू दिले. म्हटलं, “लोनी, उद्या विचारलं की माझं नाव घे.”

“पण बाबा, तुम्हीच सांगितलं होतं ना, फक्त मेलेल्यांची घ्यायची?”

“हो,” म्हटलं. “म्हणूनच माझं घे.”