दोन व्याह्यांमधली टोपली

विश्रांतवाडी, पुणे
बुधवार

आदरणीय व्याही रामदासराव यांस,

सप्रेम जय भीम. आमच्याकडे मंडळी ठीक आहेत. आपल्याकडेही असतील असे धरून चालतो, कारण आपला फोन लागत नाही. म्हणजे लागतो, आपण उचलत नाही. व्हॉट्सॲपवर आपला फोटोही मला दिसेनासा झाला आहे. अनिरुद्ध म्हणतो, "बाबा, त्यांनी तुम्हाला ब्लॉक केलंय." मी त्याला म्हटले, रामदासरावांना वेळेवर बरोबर बटण दाबता येत असते, तर ही पाळीच आली नसती. म्हणून हे पत्र पूर्वाच्या हाती दापोडीला धाडत आहे. (पाकीट डिंकाने नीट चिकटवले आहे. उघडे आढळल्यास आपल्या मुलीला विचारावे. माझ्या सुनेला मी काही बोलणार नाही.) आपला गुडघा कसा आहे? मथुराबाईंचा रक्तदाब? मी विचारले, एवढे लक्षात असू द्यावे.

आपली नात दीक्षा आता सोफ्याची कड धरून उभी राहते. उभी राहिली की दाराकडे बघते. रविवारी अकराच्या सुमाराला दोन बस बदलून एक आजोबा येतात आणि खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून वाजवतात, ही सवय आपणच तिला लावून ठेवली आहे. गेल्या रविवारी मी बाहेर जाऊन, बेल वाजवून, आमच्या किल्ल्या वाजवत आत आलो. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा दाराकडे बघायला लागली. त्याआधी, भांडण झाले त्या रविवारी, जाताना आपण जिन्यात म्हणालात, "आता या घराची पायरी चढणार नाही." ते मी गुडघ्याच्या संदर्भात घेतले होते. ते माझ्या संदर्भात होते, हे आमच्या सौ. कांताबाईंनी नंतर समजावले.

झाले ते सगळे पूर्वामुळे झाले, हे आधी स्पष्ट करतो. आपल्या दोघांत बोलण्याचे विषय दोनच, पाण्याची टंचाई आणि आळंदी रोडची वाहतूक, आणि दोन्ही चहा येण्याआधी संपत. मग "आपण कसे आहात", "मी बरा, आपण कसे आहात" हे जेवणापर्यंत चाले. पोरगी कंटाळली. तिने टीव्हीला तिचे ते यंत्र जोडले आणि आपल्या दोघांच्या हातात एक-एक रिमोट दिला. (तिच्या भाषेत कंट्रोलर. पण तो कोणाच्याही कंट्रोलमध्ये नव्हता, हे आपण दोघांनी पाहिले आहे.) खेळात दहा ठिकाणची पात्रे एका मैदानात आणून सोडली होती. एक सामुराई, एक अंतराळवीर, एक घोड्याच्या तोंडाचा राक्षस, एक तरवार घेतलेली आजीबाई. कोणाची भाषा कोणाला कळत नाही, कपडे एकमेकांना शोभत नाहीत, पण सगळ्यांनी मिळून लढायचे. पूर्वा याला क्रॉसओव्हर म्हणते. आपल्याकडे याला सोयरीक म्हणतात.

पात्र निवडायला सांगितल्यावर आपण हातोडा घेतलेली ती शाळकरी मुलगी निवडलीत. का, तर एकट्या तिच्या डोक्यावर हेल्मेट होते. पुण्यात राहून हेल्मेटच्या बाजूने मत देणारा माणूस मी प्रथमच पाहिला. दारूगोळ्याच्या कारखान्यात उभी नोकरी काढलेल्या माणसाने सुरक्षितता पाहावी, माझी हरकत नाही. पण खेळात वार करायची दोन बटणे आहेत, एक हलक्या वाराचे आणि एक जड वाराचे, आणि ढाल धरायचे एकच. आपण पहिल्या रविवारी ढालीचे बटण जे दाबले ते सोडलेच नाही. आजूबाजूला शेकडो शत्रू उभे (त्यातले बहुतेक आमच्या खात्यातल्यासारखे नुसतेच उभे असतात, काम दोघेतिघेच करतात), आणि मध्यभागी आपण ढालीमागे निवांत. पूर्वा ओरडत होती, "पप्पा, मारा ना!" आपण म्हणालात, "आधी त्यांना सुरू तर करू दे."

मी म्हातारा सागरराजा घेतला, कारण त्याची विद्या पाण्याची होती आणि माझी हयात पाटबंधारे खात्यात गेली. वार करत गेले की त्याच्या नावाखाली एक निळी पट्टी भरत जाते. ती पूर्ण भरली की एका बटणाने सगळे पाणी सोडता येते आणि अर्धे मैदान वाहून जाते. पट्टी भरताना पाहून मला फार समाधान वाटले. भरल्यावर मात्र मी ती सोडली नाही. भरलेले धरण असे कोणी एका दिवसात रिकामे करते का? पुढे टंचाई आली तर? वरून आदेश आल्याशिवाय दार उघडायचे नाही, हे अंगात मुरलेले. आपण यावर हसलात. मीही आपल्या ढालीवर हसलो. तरीही आपण दोघे रविवारामागून रविवार एकेक ठाणे घेत पुढे सरकत होतो, आणि जेवायला बोलावले तरी उठत नव्हतो, हे आपणही नाकबूल करणार नाही.

आता त्या रविवारचे. शेवटचे ठाणे, समोर तो तीन डोक्यांचा सेनापती, आणि आपल्या दोघांच्याही ताकदीची रेघ तांबडी होऊन लुकलुकत होती. तेवढ्यात एक पेटी फुटली आणि आतून फळांची टोपली बाहेर पडली. जो उचलेल त्याची ताकद भरेल. मी रीतीप्रमाणे म्हटले, "घ्या रामदासराव, आधी आपण." आपण म्हणालात, "छे छे, आधी आपण." मी म्हटले, "आपण मुलीकडचे, आमच्याकडे पाहुणे." आपण म्हणालात, "आपण वयाने मोठे." मी म्हटले, "अहो, सात महिन्यांनी कसला मोठा?" सेनापतीला सोयरिकीची रीत माहीत नसावी. त्याने तिन्ही डोक्यांनी एकदम आग ओकली आणि टोपलीच्या अलीकडे आपण व पलीकडे मी असे दोघे गेलो. माझी निळी पट्टी तेव्हाही काठोकाठ भरलेली होती.

हरलो त्याचे काही नाही. पण आपण रिमोट ठेवत सर्वांसमोर म्हणालात, "सुखदेवराव, तोंडाने आधी आपण म्हणता, पण तुमचा म्हातारा हळूहळू टोपलीकडे सरकत होता." रामदासराव, लग्नात माझ्या आग्रहाने अख्खी पंगत पोटभर जेवून उठली होती, हे आपण विसरलात. माझ्या अंगठ्याला कंप आहे, डॉक्टरांचा कागद आहे. मी तसे सांगितले. आपण "असेल" म्हणालात. त्या "असेल"वर मी जे बोललो ते पुन्हा लिहीत नाही, कारण पत्र पूर्वाच्या हाती जाणार आहे. कांताबाईंनी केलेला पातोडीचा रस्सा गॅसवर उकळत होता आणि आपण न जेवता चपला घातल्यात.

आपण गेल्यावर मथुराबाई मागे राहिल्या (त्यांचे जेवण व्हायचे होते, आणि त्यांचे कोणाशी भांडण नव्हते). त्या आणि कांताबाई आपले रिमोट घेऊन बसल्या. दोघींनी चष्मे लावले नाहीत, नियम विचारले नाहीत, सगळी बटणे एकदम दाबली आणि अख्खा वेळ दापोडीच्या कोण्या शिंप्याने ब्लाउज कसा बिघडवला यावर बोलत राहिल्या. टोपली पडली. मथुराबाईंनी उचलली. कांताबाई म्हणाल्या, "घेतलीस? बरं केलंस." पुढची कांताबाईंनी उचलली. सेनापती पडला. कोणी पाडला हे त्यांना अजूनही माहीत नाही.

त्यानंतर मी अनिरुद्धला जोडीला घेऊन पाहिले. तो भराभर मारतो, टोपल्या खातो आणि जिंकतो. त्यात काही राम नाही. एकदा माझा म्हातारा पडला. पडलेल्याला उठवायला जोडीदाराने जवळ येऊन बटण धरून ठेवावे लागते, तोवर त्याला स्वतःला मार खावा लागतो. अनिरुद्ध म्हणाला, "थांबा बाबा, आधी हे संपवतो." मी पालथा पडून वाट पाहत होतो आणि मला आपली आठवण आली. आपण ढालीचे बटण सोडलेले मी त्या रविवारांत फक्त एकाच कामासाठी पाहिले, मला उठवायला. प्रत्येक वेळी. उन्हाळ्यातल्या रविवारी एवढ्या लांबून येऊन कोणी कोणाला उठवत नाही, रामदासराव. मला आपल्यावाचून करमत नाही. हे वाक्य मी तीनदा खोडले, पूर्वा पाकिटाची वाट पाहत उभी आहे म्हणून राहू देतो.

तेव्हा येत्या रविवारी अकराला यावे. जिना चढवत नसेल तर मी खाली येतो. मथुराबाईंना नमस्कार, आपल्या गुडघ्याला आराम पडो.

आपला,
सुखदेव

ता. क. दोघी विहिणींनी मिळून आपल्या दोघांना आव्हान दिले आहे. रविवारी जी जोडी हरेल तिने सगळ्यांसाठी पातोडीचा रस्सा करायचा. मला चहासुद्धा करता येत नाही आणि आपला स्वयंपाक मथुराबाईंकडून ऐकून आहे. म्हणजे आपल्याला जिंकणे भाग आहे. खरे तर पत्राचे तातडीचे कारण हेच.

ता. क. दुसरा. ते यंत्र प्रत्येक लढाई आपोआप साठवून ठेवते, हे कोणी आधी सांगायला हवे होते. काल पूर्वाने मला त्या रविवारची दाखवली. माझा म्हातारा टोपलीकडे सरकत होता हे खरे निघाले (कंप). मात्र आपली हेल्मेटवालीही टोपलीकडे पाठ करून, ढाल पुढे धरून, उलट्या पावलांनी टोपलीकडेच येत होती, आणि माझ्यापेक्षा दोन पावले जवळ पोचली होती. हे मी मथुराबाईंना अजून दाखवलेले नाही. अकराला यावे.

ता. क. तिसरा. पूर्वा म्हणते, दोघे एकदम टोपलीवर जाऊन उभे राहिले तर दोघांचीही ताकद पूर्ण भरते, कोणाचे काही कमी होत नाही. हा नियम पहिल्याच रविवारी पडद्यावर मोठ्या अक्षरांत आला होता आणि दोघांचे वाचून होईपर्यंत ती थांबलीसुद्धा होती. पण तेव्हा आपण दोघे एकमेकांना चष्मा देत "आधी आपण वाचा" म्हणत होतो.