कळ दाबली की सोसली

या पंधरवड्यात आलेलं: तुझं पार्सल एक (चौथा भाग, दोनशे बारा पानं). तिकिटं कमी लावली होतीस म्हणून दंड साडेसात. वाचकांची पत्रं एकोणीस, खर्च नाही. वाचकांनी स्वतः लिहून पाठवलेले गठ्ठे चार, त्यातला एक बिनतिकिटाचा, सव्वापाच. (तो परत करायला हवा होता. पण पाठवणारा कोण आणि परत केलं तर काय करील, याचा भरवसा वाटेना.)

चि. धाकट्यास,

अक्काचे आशीर्वाद. खोकला कसा आहे? दीपगृहावर वारा फार, कान बांधत जा, आणि जिना उतरताना विचार करत उतरू नकोस. आम्ही इथे देवाच्या कृपेने ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं सांगायचं तर आठ दिवस मी रस्त्याकडच्या खिडकीचा पडदा ओढून बसले आहे. दाराची कडी वाजली की आधी फटीतून बघते. तुझे दाजी म्हणतात, वाचकच आहेत ना, वाचतील आणि जातील. त्यांनी वाचक पाहिलेले नाहीत.

तुझा पत्ता समुद्रातला, म्हणून पुस्तकावर पत्रव्यवहारासाठी आमचा पत्ता छापायला मीच हो म्हटलं होतं, तेव्हा दोष कुणाला देणार. पहिल्या भागानंतर पत्रं यायची ती तुझ्या त्या अवकाशनौकेच्या कप्तानाबद्दल, गुणी मुलाचं कौतुक करावं तशी. तिसरा भाग निघाला आणि वारं फिरलं. आता एकजात सगळी पत्रं त्याच्या नौकेवरचं कोठार सांभाळणाऱ्या कोठारीणबाईबद्दल. लोकांचं म्हणणं असं की, पहिल्या भागात सातव्या प्रकरणात या बाईने नुसती नजर रोखून लोखंडी दार वाकवलं. त्यानंतर लेखकमहाशय ते साफ विसरले आणि पुढचे दोन भाग तिच्याकडून जखमींच्या पट्ट्या धुवून घेतल्या, हवेची पिंपं मोजून घेतली आणि कप्तान लढाईवर गेला की खिडकीशी उभं केलं. (पिंपांची बेरीज तू दुसऱ्या भागात चुकवली होतीस, ती मी मुकाट्याने दुरुस्त केली. पाच माणसं गुदमरून गेली असती.) जिची नजर लोखंड वाकवते तिला पट्ट्या धुवायला लावणारा माणूस कोण आहे, तो कुठे राहतो, आणि त्याला आईबहीण आहे का, असं एकाने विचारलं आहे. बहीण आहे हे त्याला पत्त्यावरून कळलंच असेल.

या लोकांचं एक मंडळ आहे. अकरा जण आहेत, दर आठवड्याला घड्याळजींच्या दुकानात जमतात आणि कोठारीणबाईला काय काय करता आलं असतं ते लिहून एकमेकांना वाचून दाखवतात. एका गठ्ठ्यात तिने चंद्र अडवला आहे. एकात ती सात ग्रहांची सत्ता घेते आणि कप्तानाला कोठारात नेमते. घड्याळजींनी स्वतः तिच्याकडून काळ अकरा मिनिटं मागे फिरवला आहे आणि तो कसा फिरतो ते चाकांच्या आकृत्यांसह चाळीस पानं समजावलं आहे. मी सगळं वाचलं. ही माणसं कुठल्या थराला जातील याचा अंदाज असावा म्हणून वाचलं, दुसरं काही नाही.

आणि या सगळ्याचं मूळ एका शब्दात आहे, तेच सांगायला पत्र लिहायला बसले आणि तिकडेच यायला भीती वाटते आहे. तिसऱ्या भागाचं शेवटचं वाक्य आठव. कप्तान आरमार घेऊन निघून गेला आहे आणि कोठारीणबाई एकटी उरली आहे. तू लिहिलंस, ‘जळका हात भिंतीला टेकवून तिने कळ सोसली, आणि दूरचे दिवे एकेक करून दिसेनासे झाले.’ छापलंय ‘कळ दाबली’. तुझं अक्षर छापखान्यात कुणाला लागत नाही, स्वच्छ प्रत नेहमीप्रमाणे मी केली, आणि करताना दूध उतू गेलं, धावले, परत येऊन बसले ती ‘दाबली’ लिहून मोकळी झाले. मला वाटलं, सोसली काय नि दाबली काय, दुखणं गिळलं इतकंच. पण मंडळ म्हणतं, ती नौकेच्या यंत्रघरात उभी, भिंतभर यंत्रांच्या कळा, तिने त्यातली एक दाबली आणि दिवे विझले. कुठली कळ? कुणाचे दिवे? शत्रूचे विझवले, की कप्तानाचे? म्हणजे इतकी वर्षं पट्ट्या धुताना बाईच्या मनात हे होतं तर. अकरा माणसांनी या एका कळेवर सहाशेच्या वर पानं लिहिली आहेत, धाकट्या, आणि ती कळ तुझ्या पुस्तकात नव्हतीच.

मंडळाच्या प्रमुख एक नर्सबाई आहेत. उंच, आवाज हळू, डोळे तुझ्या दिव्यासारखे संथ फिरणारे. त्या गेल्या मंगळवारी दुपारी आल्या, पाणी प्यायल्या, माझ्या अक्षराची स्तुती केली आणि विचारलं, मूळ प्रतीत दाबलीच आहे ना? मी म्हटलं, असणारच. त्यांनी माझं मनगट धरलं नि म्हणाल्या, “नाडी पळतेय तुमची, अक्का.” मी घाबरून देवाकडे हात केला आणि सांगितलं की माझ्याकडून काना-मात्रेचाही फरक झालेला नाही. उभ्या आयुष्यात देवासमोर पहिल्यांदा खोटं बोलले, आणि तेही कुणी शपथ मागितलेली नसताना. तेव्हापासून जप वाढवला आहे, पण मध्येच ‘सोसली, दाबली’ असं तोंडात येतं आणि पुन्हा पहिल्यापासून धरावं लागतं. जाताना त्या म्हणाल्या, रविवारी सगळे मिळून मूळ पान बघायला येतो. विचारलं नाही, सांगितलं.

पान जाळावं असं मनात आलं. पण तुझ्या हातचं आहे, हात धजला नाही. रविवारी दुपारी अकराच्या अकरा आले. खुर्च्या सात, बाकीचे भिंतीला टेकून, सगळे त्या कोठारीणबाईसारखे. मी पान आणून टेबलावर ठेवलं आणि दाराजवळ उभी राहिले, म्हणजे पळता यावं. (कुठे पळणार होते कुणास ठाऊक. घर माझंच.) पाच मिनिटं पान या हातातून त्या हातात फिरलं. मग लक्षात आलं, कुणाला वाचताच येत नव्हतं. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, पान उभं धरलं, आडवं धरलं, आणि म्हणाले, “हा जर ‘द’ असेल तर माझ्या दुकानातली सगळी घड्याळं बरोबर चालतात.” मी देवाचे आभार मानते आहे तोच आतल्या खोलीतून तुझे दाजी म्हणाले, “त्याचं अक्षर जगात फक्त हिलाच लागतं. तिलाच विचारा की.” बावीस डोळे माझ्याकडे वळले. मी पान हातात घेतलं. ‘तिने कळ’ इथपर्यंत वाचलं आणि पान उजेडाकडे धरलं.

तेवढ्यात नर्सबाई म्हणाल्या, “आणा इकडे. वीस वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचतेय मी.”

मी मिळाली त्या खुर्चीवर बसले (तिथे एक गृहस्थ होते, ते उठले). नर्सबाईंचं बोट ओळीखालून सरकत आलं, त्या शब्दाखाली थांबलं, आणि तिथेच राहिलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांना लागलं होतं, धाकट्या, स्वच्छ लागलं होतं. मग पानाकडे न बघता म्हणाल्या, “दाबली. सरळ तर लिहिलंय.” घड्याळजी भिंग काढून म्हणाले, मी मघापासून तेच म्हणत होतो.

सगळे उतरून गेले, त्या मागे राहिल्या. “चौथा भाग आलाय ना?” मी खुर्च्या लावायला लागले. “मारलंय तिला?” मी तरीही खुर्च्याच लावत होते, पण त्यांना रोजची सवय, गप्प बसलेल्या माणसाचं त्यांना कळतं. “कशाने?”

“तापाने.”

“किती दिवसांच्या?”

“तीन.”

“तीन दिवसांच्या तापाने अशी बाई जात नाही,” त्या म्हणाल्या, वॉर्डात नातेवाइकांना सांगावं तशा आवाजात, आणि जिना उतरल्या. धमकी असती तर परवडली असती.

आता तिच्या तापाचं तिसरं प्रकरण समोर आहे आणि दौत उघडायला भीती वाटते. जसंच्या तसं उतरवलं तर पुस्तक निघेल त्या रविवारी काय होईल ते सांगायला नको, आणि न उतरवलं तर तुला काय तोंड दाखवू. बाकी क्षेम. कान बांध.

तुझी,
अक्का

ता. क. दूध उतू गेलं हे खोटं. त्या दिवशी चुलीवर काही नव्हतं. ‘सोसली’ मी दोनदा लिहून पाहिलं, दोन्ही पानं फाडली. तिसऱ्यांदा ‘दाबली’ लिहिलं तेव्हा मला दुखणं म्हणायचं नव्हतं, कळच म्हणायची होती.

ता. क. दुसरा. तिसऱ्या प्रकरणात तिचा ताप उतरला आहे. (नर्सबाईंनी औषध आणि वेळा तपासून दिल्या, त्यात चूक नाही.) त्यानंतरची छत्तीस पानं माझी आहेत. चंद्र अडवलेला नाही, सत्ता घेतलेली नाही, ती फक्त कोठारातून उठून सुकाणूशी जाऊन बसते आणि कुणाला विचारत नाही. इतकी घाबरून मी आजवर काही लिहिलेलं नाही. तुला मी लहानाचा मोठा केला तरी तुझीच सर्वांत जास्त भीती वाटते आहे.

ता. क. तिसरा. छापखान्याचे मुकादम येता सोमवार सोडून त्याच्या पुढच्या सोमवारी प्रत न्यायला येतात. तुझं नाही असेल तर उलट टपाली कळव. पत्र आलं नाही तर मी माझीच देणार आहे.