भिंतीआडची रासबेरी

कोर्कोबाल, नोव्हेंबरची अखेर
(नेमकी तारीख बघायला चष्मा शोधावा लागेल)

बर्न मुक्कामी सुखाने नांदणारे माझे एकुलते एक मेहुणे सेल्सो यांस देल्मिरोचा कमरेला झेपेल इतका वाकून नमस्कार.

आपली, आपल्या गुडघ्याची आणि आपल्या त्या कडक घरमालकिणीची प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. इकडे गाय ठीक, कोंबड्या ठीक आणि पाऊस सर्वांत ठीक. सप्टेंबरात आला तो अजून पाहुणचार झोडतो आहे. भिंतींना बुरशी, चपलांना बुरशी, मिठाला पाणी. तुमच्या बहिणीची, ओब्दुलियाची बोटं याच हवेनं धरली हे तुम्हाला ठाऊक आहेच. जिनं गावातल्या निम्म्या नवऱ्यामुलींच्या डोक्यावरची लेस विणली, तिला गेल्या हिवाळ्यात कॉफीच्या कपाचा कान धरवेना. जिच्यावर लेस विणते ती उशी आणि दोऱ्याची लाकडी रिळं तिनं कोपऱ्यात सारली आणि म्हणाली, आता त्या उशीवर मांजर झोपू दे. तेव्हा मी तुम्हाला फोन केला आणि तुम्ही चॉकलेटच्या डब्यातून गांज्याच्या चार बिया धाडल्यात. देव तुमचं भलं करो, आणि पुढच्या वेळी डब्यात थोडी चॉकलेटंही राहू देवो.

आता गांजा इकडे कुणाला नवा नाही. निम्म्या गावच्या म्हाताऱ्या तो स्पिरिटमध्ये मुरवून गुडघ्यांना चोळतात आणि मगच प्रार्थनेला गुडघे टेकतात. रस्त्यावरून दिसला नाही तर पोलिसांनाही दिसत नाही. दिसला, तर मात्र दंड होतो आणि रोपं उपटून नेतात. पण आमची ओब्दुलिया पडली भाविक. तिला कळलं असतं तर तिनं माझ्यासकट रोपं गाईपुढे टाकली असती. म्हणून मी ठोकून दिलं, की सेल्सोनं स्वित्झर्लंडची रासबेरी पाठवली आहे, तिला फळ दुसऱ्या वर्षी धरतं. सुदैवानं तुमचा वाण आंबा आणि स्ट्रॉबेरी अशा दोन वासांचा संकर निघाला. देठ बोटांनी चोळला की पिकल्या आंब्याचा वास. तिनं तो घेतला, बरं म्हणाली आणि गेली. मी सुटलो.

सुटलो कसला! मी जन्मभर बोटीच्या इंजिनाशी झटलेला माणूस. ओलं झालं की पुसायचं, एवढंच मला कळतं. तेव्हा रोज सकाळी मी चारही रोपं हलवून पाणी झाडायचो, टॉवेलनं पानं टिपायचो (टॉवेल तुम्ही लग्नात दिलेला, शेवटी कामाला आला) आणि वर बांबूला बांधून छत्र्या उघडायचो. शेजारच्या शेनेरोसानं भिंतीवरून विचारलं, की या छत्र्या कुणासाठी? मी विचारलं, तुला पाऊस दिसत नाही का? तिनं विचारलं, रासबेरीच्या पानाला सात बोटं कधीपासून आली? मी विचारलं, तुझ्या लेकीचा घटस्फोट कुठवर आला? (आपल्याकडे प्रश्नाला सरळ उत्तर देणारा एकतर परगावचा असतो, नाहीतर आजारी.) ती आत गेली, पण माझा जीव टांगणीलाच. कारण जूनमध्ये रोपं अशी तरारली, की शेंडे रस्त्याकडच्या भिंतीच्या कडेला येऊन टेकले. आणखी आठवडाभरात सगळ्या रस्त्याला त्यांचं दर्शन घडणार होतं. उपटून दुसरीकडे लावावीत तर मरतील, नाही लावावीत तर मी मरेन.

तेवढ्यात जूनअखेरचा सान शोआनचा सण आला. सकाळी टॉवेल घेऊन जातो तो चारही रोपांची मुंडकी गायब! बोकडाचं नाव घ्यावं, तर खुडणी अगदी व्यवस्थित. मागच्या अंगणात आलो. सणाच्या सकाळी तोंड धुवायचं वनस्पतींचं पाणी रिवाजाप्रमाणे रात्रभर उघड्यावर ठेवलेलं, आणि त्या टबात बडीशेपेचा पाला, रोझमेरी, नेचे यांच्यामधोमध माझे चार शेंडे ऐटीत तरंगत होते. ओब्दुलिया शांतपणे तोंड धूत होती. म्हणाली, रासबेरीचा पाला काय सुवासिक आहे हो. वर सांगितलं, की एक जुडी शेनेरोसाला दिली आणि एक पोलीस सार्जंटच्या आईला. नको म्हटलं तर संशय यायचा, म्हणून मीही त्याच पाण्यानं तोंड धुतलं.

दोन दिवसांनी सार्जंटनं आमच्या भिंतीपाशीच गाडी थांबवली.

"देल्मिरो, आईच्या पाण्यात तुमच्याकडचं काय होतं?"

"का, काही त्रास झाला का?"

"मी काय विचारलं?"

"आणि मी काय विचारलं?"

तो म्हणाला, संध्याकाळपर्यंत तोंडाला आंब्याचा वास येत होता आणि आईला ते रोप हवं आहे. मी म्हटलं, ते दुसऱ्याच्या मातीत लागत नाही. त्यानं भिंतीवरून बरीच टेहळणी केली. दिसणार काय? शेंडेच नव्हते. तो गेला आणि मी भिंतीला टेकून खालीच बसलो. इतकं हायसं मला वादळातून बंदरात आल्यावरही वाटलं नव्हतं.

पुढची गंमत अशी, की मुंडकी उडवल्यावर रोपं वर जाण्याऐवजी आडवी पसरली, भिंतीच्या खालीच राहिली. एका जाड तुऱ्याऐवजी पुष्कळ लहान तुरे आले आणि त्यांच्यातून वारा खेळला. गांजा बारवाल्या सेकुंदिनोनंही लावला होता, त्याचे तुरे कणसाएवढे होते. ऑक्टोबरच्या पावसात त्यानं ते फोडून बघितले, तर आत बुरशीचा राखाडी भुसा. आमचे तुरे धान्याच्या कोठारात मक्याशेजारी वाळले (मक्याच्या पावाला अजून आंब्याचा वास येतो, पण ओब्दुलिया मुकाट खाते). मग मी ते स्पिरिटमध्ये मुरवले, दुकानातलं नवं औषध म्हणून सांगितलं आणि रोज संध्याकाळी तिची बोटं चोळू लागलो. गेल्या रविवारी तिनं मांजराला उठवलं आणि उशी पुढ्यात ओढली. मी दाराबाहेर उभा राहून रिळांची टकटक ऐकली. मला रडू आलं, सेल्सो. तुम्ही लांब आहात म्हणून सांगतो.

घरमालकिणीला नमस्कार सांगावा, ती घेणार असेल तर.

तुमचा,
देल्मिरो

ता. क. बाटली तळाला आली आहे. तेव्हा पुन्हा चार बिया, शक्यतो बुटक्या आणि पावसाआधी तयार होणाऱ्या.

ता. क. दुसरा. फोनवर रासबेरीची चौकशी अवश्य करा, पण तोंडाला कुलूप ठेवा. ओब्दुलियाला यातलं काही ठाऊक नाही.

ता. क. तिसरा. सेल्सो, हा टपालाचं तिकीट आणायला गेलाय म्हणून घाईत लिहिते. अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. आपली आई गुडघ्यांना काय चोळायची ते मी विसरले असं या माणसाला वाटतं. रासबेरी मी पहिल्याच दिवशी ओळखली. देवाशी माझं त्याबद्दल बोलणं झालंय. शेंडे मुद्दामच खुडले, नाहीतर यानं छत्र्या लावून अख्ख्या रस्त्याला दाखवले असते. सार्जंटच्या आईनं तर जुडी स्वतः मागून नेली. याला काही कळू देऊ नकोस. बोटं औषधानं सुटली की चोळण्यानं, कोण जाणे. पण निम्मा संसार समुद्रावर काढलेला हा माणूस आता रोज संध्याकाळी माझे दोन्ही हात हातात घेऊन बसतो. बिया उगवल्या नाहीत तरी चालतील, पण पाठव.