पोतंभर जाड लोकर

॥ श्री ॥

चिंचोळी,
२ जुलै २०२४

सौ. ताईस,
जोतिरामचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. दाजींनी लुधियानाहून येताना ट्रकमधून पोतंभर लोकर आणली आणि सासूबाईंनी ती तुझ्यापुढे ठेवून सांगितलं की रुखवतात मांडलं होतंस तसलं आता आपल्या घरासाठी कर. हे वाचलं आणि मला जेवण गेलं नाही.

रुखवतातलं तोरण, रुमाल, आसनं सगळं मी विणलेलं. तू क्रोशाची सुई कधी हातात धरली नाहीस, हे आपल्या दोघांना आणि आईलाच माहीत. लग्नाला कारखान्यातली माणसं येणार होती. टॉवेलच्या घड्या घालणारा जोतिराम खोलीवर बायकांसारखा विणत बसतो असं होईल, या भीतीने मीच तुला गळ घातली की तुझं नाव सांग. 'वैष्णवीने स्वहस्ते विणले' अशा चिठ्ठ्याही मीच सुवाच्य अक्षरात लिहून टाचल्या. आता ते सगळं तुला निस्तरावं लागतंय.

तू पाठवलेला धागा पाहिला. लोकर मऊ आहे, पण करंगळीएवढी जाड. हिची बारीक नक्षी होणार नाही. सोबत जाड लाकडी सुई पाठवतो. बसायचं आसन, उशीचा अभ्रा, सासूबाईंच्या गुडघ्यांना पट्टे, दाजींना ट्रकच्या सीटवर पाठीमागे टेकायला गादी, एवढं जमेल. शाल काढू नकोस, नातेपुत्यात ती कोण अंगावर घेणार. आधी आसन कर. मधून सुरुवात करून गोल फिरत जायचं आणि प्रत्येक फेरीत टाके वाढवायचे. नाही वाढवले तर कडा वर वळते आणि आसनाची टोपी होते.

फोनवर हे बोलायला नको हे तुझं म्हणणं पटलं. तुमच्या एका खोलीच्या घरात सगळं ऐकू जातं. दाजी गाडीवर आणि सासूबाईंना वाचता येत नाही, तेव्हा पत्रच बरं. असं लिहितानाही लाज वाटते.

लोभ आहेच, तो या प्रकारानंतरही राहू दे.
तुझा,
जोतिराम

नातेपुते,
१४ जुलै २०२४

चि. जोतिरामास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

आसनाची टोपी झाली. टाके वाढवले होते, पण बहुतेक वाढवायचे तिथे नाही. सासूबाईंनी ती उचलली, उलटसुलट केली आणि गोठ्यात नेऊन रेडकाच्या डोक्यावर धरली. मापाला बराबर हाय म्हणाल्या. मी हसले, मग मोरीत जाऊन रडले. त्यांना वाटतं, जाड लोकरीवर माझा हात अजून बसला नाही. तुझ्या दाजींना त्यांनी स्वतः सांगून ती आणवली आहे रे, चांगली मऊ बघून. रोज एक गुंडा बाहेर काढतात, गालाला लावतात आणि परत पोत्यात ठेवतात.

आता पुढचं ऐक. पंचमीच्या आदल्या दिवशी बांगड्या भरायला गल्लीतल्या बायका आमच्याकडे जमतात. आमची सून तेव्हा सगळ्यांना विणायला शिकवणार असं सासूबाई सांगून आल्यात. शेजारच्या अक्कम्मा तर कधीच्या मागे लागल्यात. त्या मूळच्या अक्कलकोटकडच्या, बोलायला खमक्या. त्यांच्यापुढे माझं काही चालायचं नाही.

खरं सांगून टाकू का? तुला शब्द दिलाय म्हणून विचारते. तू हो म्हण, मी आजच सांगते. या घरात येऊन मला चार महिने झाले नाहीत, आणि ज्या गोष्टीवरून माझं कौतुक होतं तीच माझी नाही.

होटगीला आई पंचमीची वाट बघत असेल. न्यायला तूच ये. जेवत जा.

तुझी,
ताई

चिंचोळी,
२० जुलै २०२४

सौ. ताईस, सा. न. वि. वि.

सांगू नकोस, हात जोडतो. तिथली गोष्ट इथे यायला वेळ लागत नाही. माझ्या खोलीतल्या मायाप्पाचा मावसभाऊ तुमच्या जवळच्याच माळशिरसचा आहे.

मायाप्पा दुसऱ्या पाळीला गेला की मी दार लावून आसन विणतो. इथे मिळाली तशीच जाड लोकर घेतली आहे. शेवटची फेरी अर्धी ठेवून आणतो. तू नुसती सुई धरून बस आणि बायकांना सांग की बाकीचं आधीच झालंय. कोणी जास्त विचारणार नाही.

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला आणि तरी हे उत्तर लिहिलं. रागावू नकोस म्हणायला तोंड नाही. माया कमी करू नकोस, एवढंच.

जोतिराम

होटगी,
९ ऑगस्ट २०२४

सौ. ताईस, सा. न. वि. वि.

काल तू समोरच होतीस, तरी लिहितो, कारण तिथून मी एक शब्द न बोलता निघालो.

अक्कम्मांनी तुला शेवट कसा करायचा ते दाखव म्हटलं आणि तू लाटणं धरावं तशी सुई धरलीस. दोनदा धागा सुटला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा सासूबाई त्यांनाच रागावल्या की असं तोंडावर बसून बघितलं तर कुणाचंबी हात कापतील, मागं सरा. त्यांनी तुझी बाजू घेतली आणि मला बसवेना. मी चहाचा कप ठेवला आणि तुझ्या हातातून सुई घेतली. फेरी पुरी होईपर्यंत बोटं थांबलीच नाहीत.

अक्कम्मांनी विचारलं, भाऊ बहिणीकडून शिकला की बहीण भावाकडून शिकायची राहिली. बायका हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं, मग तुझ्याकडे, आणि आत गेल्या. मी पिशवी उचलून स्टँडवर आलो.

लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला बहिणीला आणायला गेलो आणि एकटा परतलो. आईने लिंबाला झोका बांधून ठेवला होता. ताई कुठंय, असं तिने विचारलं. मी पाणी प्यायला घरात गेलो. आज झोक्यावर कोणीच बसलं नाही.

तिकडे काय झालं ते कळव. काहीही असलं तरी कळव.

जोतिराम

नातेपुते,
११ ऑगस्ट २०२४

चि. जोतिरामास, आशीर्वाद.

सासूबाई सांगतात तसं लिहिते. एक शब्द बदलायचा नाही असं बजावलंय.

जोतिरामा, मला लई राग आलाय, ते आदी लिव म्हनले हिला. गड्यानं इनलं त्याचा राग न्हाय. माझा बाप घोंगडी इनायचा, त्याला कोन बाई म्हनलं न्हाय. पर मी गल्लीभर सांगत सुटले, माझ्या सुनंच्या हाताला गुन हाय. तुला ठावं हुतं, तरी तू हितं बसून च्या पीत हुतास. पोरीनं तुजी लाज राखली. तू तिची राखली न्हाईस.

सुई घेतलीस ते बरं केलंस. पळालास ते वंगाळ. पोरीची पंचमी म्हायेरावाचून गेली की.

हिनंबी मला फसवलं. दोन दीस मी बोलले न्हाय. मग हिनं भाकरी करपवली, तवा बोलावं लागलं.

आता राखीपुनवेला न्यायाला ये. आदी ओट्यावर बसायचं, उजेडात, समद्या बायकांम्होरं, आन शिकवायचं. मलाबी. पयला माझ्या गुडघ्याचा पट्टा. तुजी ताई शिकायची न्हाय, एक रेडकू हाय, त्याला एक टोपी बास.

आन रुखवताचं तोरन माझ्या दाराला हाय. त्याची चिठ्ठी मी काढून चुलीत घातली. नवी लिवून धाड. मला वाचाया येत न्हाय, पर अक्कम्माच्या नातीला येतंय. तिच्याकडनं वाचून घीन.

(एवढंच सांगितलंय. मी बरी आहे. ये. – ताई)

चिंचोळी,
१४ ऑगस्ट २०२४

ती. सारजामावशींस,
बालके जोतिरामचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुमच्या रागाला मी पात्र आहे. दुसरं काही लिहायला गेलो तर ते सारवासारव होईल, म्हणून लिहीत नाही.

आज जेवणाच्या सुटीत मी डब्याबरोबर सुई बाहेर काढली आणि टॉवेलच्या गठ्ठ्यावर बसून पट्ट्याची पहिली ओळ घातली. माझ्या खोलीतला मायाप्पा या आठवड्यात माझ्याच पाळीला आहे, त्याने बघितलं आणि सूनबाई, चहा टाका म्हणाला. सगळे हसले. माझे कान तापले, दोन टाके चुकले, ते उसवून परत घातले. सुटी संपेपर्यंत विणलं. पाळी संपल्यावर मायाप्पाने जवळ येऊन हळूच विचारलं की असल्या लोकरीची म्हाताऱ्या वडिलांसाठी कानटोपी होईल काय. होईल म्हणालो. लाज गेली असं म्हणणार नाही. उद्याही सुई नेणार आहे.

राखीपुनवेला सकाळच्या गाडीने येतो. एका दोऱ्याने गुडघ्याचं माप घेऊन ठेवावं. ताईला आशीर्वाद तुम्हीच द्यावा, माझा तिला नमस्कार सांगावा.

चिठ्ठी सोबत आहे. पुष्कळ कागद वाया गेले. तोरणाच्या मधोमध टाचा, म्हणजे येणाऱ्याला वाचता येईल.

आपला,
जोतिराम

हे तोरण वैष्णवीचा धाकटा भाऊ जोतिराम याने विणले. आधीची चिठ्ठीही त्यानेच लिहिली होती. ती खोटी होती.