सुईचं टोपण

सोमवार, ७ एप्रिल

आली एकदाची! परतवाड्याहून अकोटची एस.टी., तिथून ऑटो, आणि ऐन दहाले उपकेंद्राच्या दारात मी अन् माझी पेटी. खोली स्वच्छ, खिडकीत कडुनिंब, नळाले पाणी. गावात सिस्टर म्हणून मी एकटीच. नोकरी लागली म्हणून अब्बांनी दिलेला शाईचा पेन आज उघडला. रोज लिहीन म्हणते. इथली मदतनीस पार्बताबाई साठीची, तोंडानं फटकळ. आमचं जमणार, कारण मीही काही कमी नाही.

गुरुवार, १० एप्रिल

पाळणा लांबवायच्या इंजेक्शनचा पहिला दिवस, तीन महिने पुरते ते. सहा बाया आल्या. दर बाईले नवी सुई, पाकीट तिच्या डोळ्यांसमोर फोडलं. टोचून झालं की सुई तशीच कापायच्या यंत्रात. टोपण परत लावायचं नाही म्हणजे नाहीच. पार्बताबाई म्हणे, आधीची रागिणी सिस्टर तर डाव्या हातात टोपण धरून दर वेळी लावायची, उघडी सुई बरी दिसते का? मी म्हटलं, या टेबलावर आता माझा कायदा. बाया म्हणाल्या, जागा जराशी चोळून तरी द्या. तेही नाही. चोळलं तर औषधाचा असर लवकर सरते. मले ताठ्याची म्हणत असतील. म्हणू द्या.

खुशी नावाची पोरगी येऊन आपलं सगळं सांगून गेली. चोवीस वर्षांची, तीन लेकरं, अंगात रक्त नाही. चौथं राहिलं तर वाचणार नाहीस, असं डॉक्टरनं तिले साफ सांगितलं आहे. सासूपासून लपवून येते, गुरुवारच्या बाजाराच्या निमित्तानंच निघता येते तिले. तिची तारीख पुढच्या गुरुवारी. मी जबान दिली.

मंगळवार, १५ एप्रिल

आज एकच बाई होती. सुई घडीभरच ट्रेमध्ये ठेवून तिच्या दंडावर कापूस धरला, वळून पाहते तर सुईवर टोपण. भरदुपारी! पार्बताबाईवर तोंडसुख घेतलं. ती रडली बिचारी. देवाची आण, हात लावला नाही म्हणे.

मग तिनं सांगितलं. टोपण लावतानाच रागिणीच्या डाव्या हाताच्या बोटात सुई घुसली होती. लोक काय म्हणतील म्हणून ती कोणाले बोलली नाही, तपासून घेतलं नाही. पुढं कावीळ झाली, लिव्हर गेलं, ती गेली. मी बसते ती खुर्ची तिचीच. मले आधी राग आला. भीती मागून आली.

बुधवार, १६ एप्रिल

आज पाहिलं. टोपण लावणारा हात माझाच आहे. डावा. मी नाही म्हणून राहिली अन् तो सरकून राहिला — बोटं थंडगार, माझी वाटतच नाहीत.

पार्बताबाई म्हणे, रजा टाका, घरी जा. काहून जाऊ? उद्या खुशी आहे. रागिणी, ऐकून घे. हात पाहिजे तर हात घे. खुशीची सुई नाही देणार.

गुरुवार, १७ एप्रिल, सकाळ

डावा हात ओढणीनं पाठीमागं बांधला. पार्बताबाईनं तीन गाठी मारल्या. हात आत वळवळून राहिला. भीती वाटते, खूप वाटते — तरी बसली आहे. त्याच खुर्चीवर.

दुपार

खुशीले दिलं. नवी सुई. औषधाची बाटली पार्बताबाईनं धरली. चोळलं नाही. पोरगी हसत बाजाराले गेली, पार्बताबाई तिच्यासंगं.

मग गाठी सुटल्या. एक. दोन. तीन. सुई अजून उजव्या हातातच, यंत्र हातभर दूर होतं —

टोपणाच्या आरपार सुई. डावं बोट. रक्त.

साबण, वाहतं पाणी. बोट पिळलं नाही. आता अकोल्याच्या मोठ्या दवाखान्याले फोन — तपासणी आजच. लपवणार नाही. ऐकलं का रागिणी? तू लपवलं. मी सगळ्यांले सांगणार. आधी इथं लिहिते —

पेनाचं टोपण कुठं

डाव्या हातात आहे

निबाकडे येऊन राहिलं —

लाव. लाव तू. तरी लिहीन. मी जेबा. बारा वाजून दहा मिनिटं. मले सुई टोच