शून्य गुण पडलेल्या माझ्या धाकट्याला आजच्या आज पाहण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
मनोविकार रुग्णालय

विषय : माझ्याऐवजी माझ्या धाकट्या भावाकडे तातडीने लक्ष देणेबाबत.
संदर्भ : छापखान्यातील सोमवारची आरोग्य तपासणी, प्रश्नावली क्र. ४१ (मी) व ४२ (धाकटा).

महोदय,

१. मी छापखान्यात मुद्रितशोधक असून सोमवारपासून आपल्या निरीक्षण कक्षात सहाव्या खाटेवर आहे. धाकटा तिथेच बांधणी खात्यात आहे. आपल्या पथकाने सर्वांकडून मनाच्या आजाराचा नऊ प्रश्नांचा कागद भरून घेतला; गुण जास्त तितका आजार मोठा. मला बारा गुण पडले म्हणून मी आत. त्याला शून्य पडले म्हणून तो बाहेर. खरी गोष्ट नेमकी उलट आहे.

२. माझ्या बारा गुणांचा खुलासा असा. झोप कमी होते का? मी पहाटे साडेतीनला भजनाला उठतो; लिहिले 'रोज', एका 'रोज'ला तीन गुण. भूक कमी आहे का? एकवेळ जेवतो, 'रोज'. स्वतःला हीन समजता का? चाळीस वर्षे कीर्तन ऐकलेला माणूस स्वतःला थोर समजेल काय? 'रोज'. नववा प्रश्न, मरणाचे विचार मनात येतात का? आमचे बुवा टाळ थांबवून बजावतात, "मरण उशाशी घेऊन झोपा रे, म्हणजे दुसऱ्याचं वाईट करायला हात धजणार नाही." म्हणून तेही 'रोज'. मरणाचा विचार करणे आणि मरावेसे वाटणे यांतला फरक आमच्या खात्यातल्या शिकाऊ उमेदवारालाही पहिल्या वाचनात कळला असता.

३. आता धाकटा. भावजय जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून त्याचा डबा झाकण न उघडता घरी जातो. गेल्या महिन्यात त्याने अख्खे पुस्तक उलटे बांधले. मी रागावलो, तर म्हणाला, "कोण वाचतंय, दादा?" तपासणीचे कागद फोरमनच्या हातात द्यायचे होते. रांगेत माझ्या मागून तो कुजबुजला, "शून्य टाकलं की पुढचं कुणी विचारत नाही. तू पण टाक." मला थट्टा वाटली. मी हसलो. त्या हसण्याचा जाब मला वर द्यावा लागेल, तो मी देईन.

४. हे सर्व मी डॉक्टरसाहेबांना सांगितले. त्यांनी माझ्या कागदावर लिहिले, "रुग्ण स्वतःचा आजार भावावर ढकलतो." सिस्टर प्रेमळ आहेत, पण म्हणाल्या, "काका, शून्यवाल्यांची नोंद कुठं करू? तसं रजिस्टरच नाही आमच्याकडं." वर जवळचा नातेवाईक म्हणून माझी जबाबदारी त्याच्यावरच सोपवली आहे. 'रुग्णास एकटे सोडू नये' असे छापलेले पत्रक त्याला दिले व त्याची सही घेतली. तो रोज चारला येऊन मला सांगतो, "दादा, एकटं राहायचं नाही हं." आणि मग एकटा घरी जातो.

५. कागद वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. ज्याला बोलायचे आहे त्याला तो वाट करून देतो. पण ज्याने न बोलण्याचे ठरवले आहे, त्याला आपण सही-शिक्क्यानिशी तशी मुभा दिलीत. शून्य म्हणजे बरा, हे आपल्याला कोणी सांगितले?

६. काल तो दाढी करून आला. आठ महिन्यांत पहिल्यांदा हसला. माझे पाय दाबले. उठताना स्वतःच्या घराची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "तुझ्याकडं असू दे. मला नाही लागायची आता." मी ओरडत त्याच्या मागे गेलो, तर मला धरून खाटेवर आणले आणि माझे गुण पुन्हा मोजले. किल्लीचे सांगितले, तर उत्तर मिळाले, "यात किल्लीचा प्रश्न नाही." माझा फोन आपल्या कपाटात आहे.

७. सबब विनंती, की अर्ज पुढे पाठवण्याआधी माणूस पाठवावा. पत्ता प्रश्नावली ४२ वर त्याच्याच अक्षरात आहे. दार ओढले की लागते; हाकेला ओ आली नाही तर किल्लीने उघडावे. त्याच्याजवळ बसून सरळ विचारावे, "मरावंसं वाटतंय का रे तुला?" विचारून गप्प राहावे. त्याला वेळ लागतो. हातात पेन नसावे. मला येथे हवे तितके दिवस ठेवा, माझी तक्रार नाही.

आपल्या दारी हात जोडून उभा,
मुद्रितशोधक, खाट क्र. ६
गुरुवार, सकाळी सव्वासात

सोबत :
(१) प्रश्नावली क्र. ४१ ची प्रत.
(२) धाकट्याच्या घराची किल्ली. मूळ. दुसरी नाही.